अकरा तासांत चार युनिट

युनिटकाका एका जागी पाच मिनिटं बसलेत, असं बघितलेला माणूस त्या चार मजली इमारतीत सापडणार नाही. एकतीस वर्षं वीज कंपनीसाठी दारोदार मीटर रीडिंग घेत हिंडले, पायांना भिंगरी तिथंच लागली, आणि निवृत्त झाले तरी ती सुटली नाही. खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचतंय कोण! लहानथोर सगळे त्यांना युनिटकाकाच म्हणायचे, आणि त्यांच्या बायकोला, जिचा मीटरशी काडीचा संबंध नव्हता, युनिटकाकू. काकूंना हे नाव आवडायचं नाही. पण चाळीस वर्षांच्या संसारात न आवडलेल्या गोष्टींची त्यांची यादी बरीच लांब होती, आणि ती त्यांनी कधी कुणाला वाचून दाखवली नव्हती.

दीड वर्षापूर्वी काकूंचे पाय दगा देऊ लागले. आधी चप्पल पायातून निसटायची आणि त्यांना कळायचंही नाही. मग जिना चढताना भिंत धरावी लागायला लागली. नसांच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, नसांवरचं आवरण झिजत चाललंय, वायरवरचं प्लॅस्टिक झिजावं तसं. हे काकांना लगेच पटलं. पुढे डॉक्टर म्हणाले, "उन्हाळ्यात जपा. अंगात उष्णता वाढली की पायांतली ताकद आणखी जाते. घरात एसी बसवून घ्या, सकाळी अकरा ते रात्री दहा खोली थंड ठेवा. चालणं टिकवायचं असेल तर एवढं कराच."

दुसरा कुणी असता तर त्याच संध्याकाळी दुकानात गेला असता. पण आपले काका पडले युनिटकाका. "घ्यायचा तर घेऊच," ते घरी येता येता म्हणाले, "पण कुठला किती वीज खातो हे बघायला नको? दुकानदार काय, काहीही सांगेल."

"थंड करणारा घ्या म्हणजे झालं," काकू म्हणाल्या.

"अगं, थंड सगळेच करतात!"

इथून जी धावपळ सुरू झाली ती विचारू नका. काकांनी प्लगमध्ये बसणारं छोटं मीटर आणलं, दोनशे पानी वही आणली, आणि ज्याच्या घरी एसी त्याच्या घरी हे हजर. कोपऱ्यावरच्या औषधवाल्यांकडे खिडकीत बसणारा एसी होता. तो ताशी सव्वा युनिट घ्यायचा, आणि आवाज असा की औषधवाले आणि त्यांची बायको घरातल्या घरात ओरडून बोलायचे. "भांडत नाही आम्ही, एसी चालू आहे," असं त्यांना शेजाऱ्यांना सांगावं लागायचं. दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांकडे भिंतीवरचा साधा स्प्लिट होता, ताशी एक युनिट. तो मध्येच बंद व्हायचा आणि परत दणक्यात सुरू व्हायचा. खाली भाड्यानं राहणाऱ्या नर्सबाईंकडे चाकांवर फिरणारा होता. त्याची सोंड खिडकीतून बाहेर काढलेली, आणि त्याच फटीतून गरम हवा आत! दीड युनिट खाऊन खोली जेमतेम कोमट. काकांनी वहीत त्याच्यापुढे फक्त "शी!" असं लिहिलं. कुणाकडे पाण्याचा कूलर होता, तो पाव युनिटही घेत नव्हता, पण दमट दिवशी भिंतींना घाम फोडायचा.

आणि वरच्या मजल्यावर शिंपीदादांकडे इन्व्हर्टरवाला स्प्लिट होता. त्याच्यावर काकांचा जीव जडला. पहिला अर्धा तास जोर लावायचा, मग खोली गार झाली की आपणहून सावकाश व्हायचा, ताशी अर्ध्या-पाऊण युनिटावर यायचा. "याला म्हणतात समजूतदार यंत्र," काका म्हणाले आणि शिंपीदादांच्या शिवणयंत्राशेजारी तीन दुपारी ठाण मांडून बसले. बसले म्हणजे उभेच होते; दर दहा मिनिटांनी आकडा बघायचे.

या सगळ्यात अकरा आठवडे गेले. त्या अकरा आठवड्यांत काकू पंख्याखाली ओला टॉवेल मानेवर टाकून पडून असायच्या, आणि जिना उतरणं त्यांनी सोडून दिलं होतं. हे कुणी काकांना बोललं असतं तर त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली असती. बायकोसाठीच तर मरमर चालली होती ना त्यांची!

शेवटी शिंपीदादांसारखाच, अगदी तोच, एसी घरात आला. बसवायला एसीवाल्या ताई आल्या होत्या, पन्नाशीच्या, दणकट, तोंडात दोन स्क्रू धरून बोलणाऱ्या. थंड हवेचा पहिला झोत आला तेव्हा काकूंनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाल्या, "अगं बाई, किती बरं वाटतंय!" काकांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. ते प्लगपाशी वाकून मीटर बसवत होते.

रोज रात्री दहाला एसी बंद झाला की काका आकडा वाचायचे. मोठ्यानं, एकतीस वर्षांच्या सवयीनं, सोबतचा माणूस लिहून घेत असल्यासारखं. "सात!" पहिल्या दिवशी सात, दुसऱ्या दिवशी सव्वासात, असं चाललं. आठव्या दिवशी उन्हानं कहर केला आणि मीटरनं आठ दाखवले. काकांनी नुसतं "च्" केलं, वहीत आकड्याभोवती लाल गोल काढला, आणि घरभर फिरून दिवे मालवत सुटले. अगदी काकू दात घासत होत्या तिथलाही.

नवव्या दिवशी आकडा आला चार.

"चार!" काकांनी तीनदा वाकून बघितलं. "अकरा तासांत चार युनिट! बघितलंस? मशीन रुळलं आता. नवीन गाडीचं असतं तसं असतं हे, आधी जरा पितात, मग सुधारतात." ते हसले, चक्क खुर्चीत बसले, आणि काकूंना विचारलं, "तुला चहा करू का?" रात्री दहा वाजता! काकूही हसल्या. म्हणाल्या, "करा."

त्यानंतर रोज चारच्या आसपास. काकांची कीर्ती इमारतीबाहेर गेली. लोक फोन करायचे, काका, आम्ही कुठला घेऊ? मग काका आणखी एक तसलंच मीटर आणि वही घेऊन दुपारी बारा वाजता जे बाहेर पडायचे ते पाचला घरी. घरी आले की खोली छान गार, काकू कॉटवर टेकून बसलेल्या. "काय, आराम आहे ना?" काका विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत मोरीत हातपाय धुवायला गेलेले असायचे.

पण काकूंचे पाय काही सुधारत नव्हते. उलट स्वयंपाकघरापर्यंत जायलाही आता खुर्चीच्या पाठीला धरावं लागत होतं. काकांच्या जिवाला घोर लागला. ते रोज नवीन काहीतरी करायचे, कॉट हलव, पडदे जाड लाव, दाराखालच्या फटीत कापड कोंब. पण पाय तिथेच.

सव्वादोन महिन्यांनी ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी काकूंना विचारलं, "काय म्हणतात पाय?" आणि काका म्हणाले, "डावा जास्त जड आहे." डॉक्टरांनी विचारलं, "झोप लागते?" काका म्हणाले, "लागते." "दुपारी खोली थंड असते?" यावर तर काकांनी वहीच उघडून टेबलावर ठेवली. तारीख, तास, युनिट, सगळं रेघा आखून. "अकरा तास, एक दिवस खाडा नाही," ते अभिमानानं म्हणाले.

डॉक्टरांनी पानं चाळली आणि चष्मा काढला. "हे बघा काका, मला वाटलं होतं उन्हाचा त्रास आहे. पण एवढं अकरा-अकरा तास थंड ठेवूनही पाय खालावत असतील, तर आजारच पुढे सरकलाय. आता वाट बघण्यात अर्थ नाही. सोमवारी दाखल करा, मोठं इंजेक्शन सुरू करू. त्यानं अंगाची प्रतिकारशक्ती उतरते, धोका आहे, लपवत नाही. पण दुसरा मार्ग दिसत नाही."

काकूंनी तोंड उघडलं आणि मिटलं. काका विचारत होते, किती इंजेक्शनं, किती दिवस, किती टक्के.

बुधवारची गोष्ट ही. त्यानंतर दुपारची फेरी सोडली तर काका घरात नुसते येरझाऱ्या घालत होते. खिडकीपासून दारापर्यंत सात पावलं, दारापासून खिडकीपर्यंत सात. पेनाचं टोपण काढायचे, लावायचे, काढायचे. "अहो, बसा ना जरा," काकू म्हणाल्या की बसायचे आणि लगेच उठायचे. डोक्यात भुंगा शिरला होता. आजार पुढे सरकलाय हे मान्य करायला मन तयार नव्हतं, मग कुणाला तरी दोष द्यायला हवा. शुक्रवारी त्यांना दोषी सापडला. एसी! खोली नुसती गार वाटत असेल, खरी होतच नसेल. गॅस गळत असेल. म्हणूनच वीज कमी घेत असेल मेला!

तडक ते वर शिंपीदादांकडे गेले. "दादा, तुमचा अकरा तासांत किती घेतो?"

"सात, साडेसात. तुम्हीच तर लिहून दिलंय भिंतीवर."

"आणि आमचा चार."

शिंपीदादांनी दातातला दोरा तोडला. "तोच एसी?"

"तोच."

"मग गडबड आहे काका," शिंपीदादा म्हणाले, आणि काकांना एकदम हायसं वाटलं. गडबड असेल तर बरंच झालं. गडबड दुरुस्त करता येते.

शनिवारी सकाळी एसीवाल्या ताई आल्या. गॅसचा दाब बघितला, आतून येणाऱ्या हवेचं तापमान बघितलं, बाहेरच्या पेटीला कान लावला. काका त्यांच्या मागेमागे, इतके की एकदा ताई मागे सरकल्या आणि काकांच्या पायावर त्यांचा पाय पडला.

"काका, एसी झकास आहे," ताई म्हणाल्या. "गॅस पुरा. हवा अकरा डिग्रीची येतेय. याला काय झालंय?"

"मग चार युनिट कसे?"

"कमी चालवत असाल."

"अकरा तास!" काकांनी वही पुढे केली. ताईंनी वहीकडे बघितलंही नाही. रिमोट घेतला, दोन बटणं एकत्र दाबून धरली, आणि एसीच्या तोंडावर आकडा उमटला. "हा बघा. किती तास चाललोय ते मशीन स्वतःच लक्षात ठेवतं. पाचशे चार."

काकांनी आकडा वाचला. आज बसवल्याचा त्र्याहत्तरावा दिवस, म्हणजे काल रात्रीपर्यंत बहात्तर दिवस पुरे. गुणाकाराला त्यांना कागद लागत नसे. बहात्तर गुणिले अकरा, सातशे ब्याण्णव. दोनशे अठ्ठ्याऐंशी तास कमी. आठ दिवस सोडले तर राहतात चौसष्ट. चौसष्ट दिवसांत दोनशे अठ्ठ्याऐंशी, म्हणजे रोजचे साडेचार तास.

बारा ते साडेचार.

ताईंनी एकदा काकांकडे बघितलं, एकदा कॉटवर बसलेल्या काकूंकडे. काकू भिंतीकडे बघत होत्या. ताईंनी एसी बंद केला, पिशवी भरली, स्टूल जागेवर ठेवलं आणि म्हणाल्या, "पैसे नकोत. काही कामच केलं नाही मी." जाताना दार हळू ओढून घेतलं.

काका उभेच होते. आता ऐका, वीज कंपनीतल्या पोराटोरालाही ठाऊक असतं की रीडिंग एकाएकी निम्म्यावर आलं तर एक तर घर बंद असतं, नाही तर कुणी तार टाकून चोरी करत असतं. अशा किती चोऱ्या काकांनी पकडल्या होत्या! दारात उभं राहून आकडा बघितला की नाकानं वास घ्यायचे. आणि तिसरंही एक कारण असतं, तेही त्यांनी एकतीस वर्षं बघितलं होतं. ऐन उन्हाळ्यात पंखा बंद करून, दार उघडं टाकून, पदरानं वारा घेत बसलेल्या बायका. त्यांच्या घरचा आकडा लहान असायचा. काका तो लिहून घ्यायचे आणि पुढच्या दाराची घंटा वाजवायचे.

"तू बंद करत होतीस," काका म्हणाले.

"हो."

"रोज?"

"तुम्ही बाहेर पडलात की बंद. साडेचारला परत चालू. तुम्ही यायच्या आत खोली गार व्हायला अर्धा तास पुरतो."

"अगं पण का? वेडी आहेस का तू? बिल भरता येत नाही का मला? पेन्शन येते, पोरगी विचारते पैसे हवेत का म्हणून, मी काय उपाशी ठेवलंय तुला?" आवाज चढत गेला आणि मध्येच फाटला. "पाय जातील तुझे! चार युनिटांसाठी?"

"पैशांचं नाही हो," काकू म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "आठ आले त्या दिवशी तुम्ही तोंड पाडलंत. झोपलात ते भिंतीकडे तोंड करून. मी दात घासतेय आणि तुम्ही दिवा घालवलात. दुसऱ्या दिवशी तुम्ही बाहेर पडलात तेव्हा म्हटलं, जरा वेळ बंद ठेवून बघू. चार आले, आणि तुम्ही चहा केलात माझ्यासाठी." मग त्या म्हणाल्या, "दीड वर्ष माझ्याकडे बघून तुमचा चेहरा पडलेलाच असतो. रात्री दहाला तेवढा हसायचा. मला तेवढं हवं होतं."

काकांना तोंडात मारल्यासारखं झालं. काहीतरी बोलायला हवं होतं, पण सुचलं ते सगळं आकड्यांतच होतं. ते खिडकीपर्यंत गेले, परत आले. मग कॉटच्या कडेवर टेकले आणि पहिल्यांदाच त्यांचं लक्ष गेलं की काकूंच्या डाव्या पायाची बोटं आत वळली आहेत. कधीपासून, देव जाणे.

"डॉक्टरांना माहीत होतं का हे, दुपारचं?"

"त्यांनी विचारलं तेव्हा तुम्ही वही दाखवलीत."

"तू बोलायचंस ना!"

"कधी?" काकूंनी विचारलं.

काकांनी फोन उचलला. सोमवारला एकच दिवस मध्ये होता. दवाखान्यातल्या मुलीनं सांगितलं, डॉक्टर पेशंट तपासताहेत, नंतर करा. काका म्हणाले नंतर नाही, आत्ता. त्या मुलीला त्यांच्या आवाजात काय ऐकू आलं कोण जाणे, तिनं फोन आत दिला.

"डॉक्टर, मी बोलतोय. ती वही..." काकांनी हातातली वही मिटली. "ती वही खोटी आहे. म्हणजे आकडे खरे आहेत, पण मी त्याचा अर्थ चुकीचा सांगितला. हिला दुपारची थंड हवा मिळालीच नाहीये. दोन महिन्यांहून जास्त दिवस. ऐन उन्हात बसत होती ही. माझी चूक आहे. ते इंजेक्शन देऊ नका, म्हणजे द्यायचं तर द्या, पण हे धरून ठरवा."

डॉक्टर म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. मग सोमवारचं तूर्त थांबवू. आधी तीन आठवडे नीट दुपारभर थंडाव्यात ठेवू आणि मग पायांची ताकद बघू. पण मला आत्ताची परिस्थिती नीट कळायला हवी. दुपारी नेमका काय त्रास होतो? किती वेळ? उजव्या पायाला काही?"

काकांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. डावा जास्त जड, हे त्यांना माहीत होतं. दुपारचं काही माहीत नव्हतं. दुपारी ते दुसऱ्यांच्या घरी असायचे.

"तिलाच विचारा," ते म्हणाले आणि फोन काकूंच्या हातात दिला. पायाशी पडलेला रिमोट उचलून एसी चालू केला आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहिले. दार लोटलं, पण पुरतं लागलं नाही. फटीतून थंड हवा त्यांच्या पोटरीवर येत होती आणि काकूंचं बोलणंही ऐकू येत होतं. आधी अडखळत बोलल्या, मग जरा मोकळं.

"हिवाळ्यापासून बधिर आहे, डॉक्टर. सुई टोचली तरी कळत नाही... उजव्याची सुरुवात आता झाली, करंगळीपासून... दुपारी डोळ्यांपुढे धुरकट होतं, वाचता येत नाही. साडेचारला एसी लावला की तासाभरात येतं परत... हो. दोनदा पडले. एकदा मोरीत, एकदा इथेच, कॉटपाशी. सरकत सरकत उठले... नाही, यांना नाही सांगितलं."

डॉक्टरांनी पलीकडून काहीतरी विचारलं असावं. काकू जराशा हसल्या.

"सांगितलं असतं तर तेही वहीत लिहिलं असतं त्यांनी," त्या म्हणाल्या.

काकांनी गॅलरीचा कठडा दोन्ही हातांनी धरला. समोरच्या इमारतीत कुणीतरी खिडकीतून त्यांना हाक मारत होतं, काका, अहो काका, आमचा कधी बघायला येताय? त्यांनी हात हलवून नाही म्हटलं आणि फोन ठेवल्याचा आवाज येईपर्यंत ते जागचे हलले नाहीत.